लालपरीचा तंटा

२ मे

आजपासून रोजनिशी. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात लॉगशीट लिहिली, स्वतःसाठी एक ओळ लिहिली नाही. आता लिहिणार. सूड घ्यायचा तर नोंदी पक्क्या हव्यात.

काल महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा झाली. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की येत्या पंधरा ऑगस्टला तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद मला मिळावं. गावातली भांडणं कोर्टात जायच्या आधी बसून मिटवायची, एवढंच तर काम. लग्नसराईत जाफराबादच्या स्टँडवर एका गाडीत तीन गाड्यांची माणसं चढायला बघतात, तेव्हा कोण मिटवत होतं? मीच. हे मी मुद्देसूद सांगत होतो. तेवढ्यात सध्याचे अध्यक्ष तातेराव बसल्या जागेवरून म्हणाले, रामप्रसाद, आधी घरच्या कोंबड्याचा तंटा मिटव, मंग गावाचा बघू.

सगळी सभा हसली. सरपंच हसले. पोलीस पाटील हसले, ते तर ड्युटीवर होते.

तातेराव माझे चुलतभाऊ. आमच्या दोन घरांत एक कमरेएवढी भिंत. त्यांनी रोज माझ्या कोंबड्यांचा कलकलाट ऐकायचा आणि तो असा चारचौघांत वापरायचा, ही भाऊबंदकीच आहे.

पण मीही कच्चा नाही. तिथल्या तिथे ठराव मांडला की ज्याच्या नावाचा तंटा समितीपुढे पडून असेल, त्याला अध्यक्ष होता येणार नाही. ठराव पास झाला. तातेरावांनीही हात वर केला. बिचाऱ्यांना कळलंच नाही, तो हात त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला वर केला होता. तीन महिन्यांत त्यांच्या नावाचा एक तंटा मला सहज मिळेल.

३ मे

परिस्थितीचा आढावा. कोंबड्या सहा, कोंबडा एक. नावं मी एस.टी.च्या गाड्यांवरून ठेवली आहेत. लालपरी (तांबडी, माझ्या बायकोच्या, उषाच्या माहेरून, पिंपळगाव रेणुकाईहून आलेली), शिवशाही (पांढरी, मिजासखोर), हिरकणी, निमआराम आणि दोन साध्या. कोंबड्याला उषा साहेब म्हणते. तो काही करत नाही, बाजूला उभा राहून बघतो. मला त्याचं पटतं. वरिष्ठांनी प्रत्येक भांडणात पडू नये.

भांडणाचं मूळ लालपरी. दाणे टाकले की आधी ती, पाणी ठेवलं की आधी ती. मध्ये कोणी आलं की टोच. निमआरामची पाठ तिनं सोलून काढली आहे.

मुलीला, तृप्तीला, पुण्याला फोन केला. तिनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. कोंबड्या कंटाळल्या की भांडतात. बंद जागेत दिवसभर काही उद्योग नसला की एकमेकींची पिसं उपटत बसतात. उषा भाकरी थापता थापता म्हणाली, रिटायर माणसाचं बी तसंच असतंय. दुर्लक्ष केलं.

संकल्प: पंधरा ऑगस्टपर्यंत माझी सात पाखरं जिल्ह्यात सर्वांत शांत असतील. मग सगळ्या गावाला दाखवीन. तातेरावांना सगळ्यांत पुढे उभं करीन.

५ मे

खुराड्यासमोर जाळी ठोकली. आता एकही कोंबडी इकडे तिकडे जाणार नाही. आत पाटीवर वेळापत्रक लावलं. दाणे, मोकळीक, पाणी, विश्रांती, पुन्हा मोकळीक. प्रत्येक बदलाला शिट्टी. नोकरीतली माझी स्वतःची शिट्टी आहे.

पहिल्या शिट्टीला माझ्या कोंबड्या खुराड्यात पळाल्या आणि तातेरावांच्या कोंबड्या भिंतीवर येऊन बसल्या. उषा म्हणाली, पाटी त्यांना वाचता येते का. शिस्तीची सुरुवात अशीच होते. कंडक्टर लोकही पहिल्या आठवड्यात पळत होते.

८ मे

नवा प्रयोग. व्हिडिओत पाहिलं की पत्ताकोबीचा गड्डा सुतळीनं कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर टांगायचा. ती उड्या मारून टोचते, खेळते, दिवस जातो. भांडायला वेळच राहत नाही.

टांगला. लालपरी गड्ड्याखाली जाऊन उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही. खाल्लाही नाही. दुसरी कोणी जवळ आली की टोच. आज टोचण्याचे प्रकार कालच्या दुप्पट.

उषाचं म्हणणं, काल भांडायला त्यांच्याकडं कारण नव्हतं, आज तुमी आणून टांगलं. शिवाय तो गड्डा भाजीसाठी आणला होता म्हणे. आम्ही वरणावर जेवलो.

११ मे

निमआरामच्या पाठीवर जखम. मी जातीनं लाल औषध लावलं, चांगलं भरपूर. अर्ध्या मिनिटात बाकीच्या पाचही जणी तिच्यावर तुटून पडल्या. साध्यासुद्धा. साध्यांकडून ही अपेक्षा नव्हती.

तृप्तीला फोन. ती म्हणाली, पप्पा, लाल रंग दिसला की त्या जास्तच टोचतात, निळं लावायचं असतं. हे तिनं आधी सांगायला हवं होतं. पुण्याच्या लोकांना सगळ्याची घाई.

निमआरामला डाल्याखाली झाकून ठेवलं. माझे हात कोपरापर्यंत लाल. भिंतीपलीकडून तातेराव म्हणाले, रामप्रसाद, मिटवला का तंटा? नोंद करून ठेवली.

१५ मे

आरसा लावला. आरशात दुसरी कोंबडी दिसते, त्यात त्यांचं मन रमतं. घरात एकच बरा आरसा होता, तो जाळीला बांधला.

लालपरीनं आरशातल्या लालपरीला टोचून टोचून चोचीला टवका पाडून घेतला. मला आनंद झाला. असा न्याय कोर्टात मिळत नाही. पण दुपारी तिनं आरसा सोडला आणि त्याचा राग निमआरामवर काढला. आता आरशासमोर साहेब उभा असतो. दिवसभर. सांगितलं ना, त्याचं मला पटतं.

उषाला कुंकू लावायला आरसा नाही. स्टीलच्या ताटात बघून लावते. तक्रार केली नाही, पण ताट धाडकन ठेवते.

२१ मे

ऊन मरणाचं. राखेचा खड्डा केला, चुलीची राख आणि बारीक माती. कोंबड्यांना त्यात लोळायला आवडतं, अंगावरचे किडे मरतात, मन शांत राहतं. खरंच आवडलं. सहाही जणींना एकाच वेळी आवडलं. फलाट एक आणि गाड्या सहा, तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. मी वेळ ठरवून दिली, एकीला दहा मिनिटं. शिट्टी वाजवून उठवत होतो. लालपरी उठली नाही. हात घालून उठवायला गेलो तर मनगटावर चोच.

मनगट सुजलं आहे. आता हे वैयक्तिक आहे.

१ जून

रेडिओ ठेवला. भजनं लागली तोवर ठीक होतं. मग बातम्या लागल्या. त्यानंतर काय झालं ते लिहीत नाही. हिरकणीचं शेपूट गेलं.

४ जून

उषाला स्पष्ट सांगितलं, रविवारी लालपरीचा रस्सा. मसाला मी वाटतो. उषानं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, ती माझ्या बहिणीनं दिलेली हाये, माहेरची हाये. तिला सुरी लावली तर मी पिंपळगावला जाते, मंग तुमी अन् तुमची शिट्टी.

रस्सा रद्द. पण सूड रद्द नाही.

१० जून

सुचलं. भाकरी खाताना सुचलं. इतकं चांगलं सुचलं की घास तसाच हातात राहिला.

लालपरी तातेरावांना बटईने द्यायची. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. कोंबडी आपलीच राहते, सांभाळायची दुसऱ्यानं, पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी आपली. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, तो मान असतो. म्हणजे तातेराव हसत हसत घेतील. आणि आठ दिवसांत त्यांच्या गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या दहा-बारा कोंबड्यांत आग लागेल. पिसं उडतील. ग्रामसभेत मी बसल्या जागेवरून म्हणेन, तात्या, आधी घरच्या कोंबड्यांचा तंटा मिटवा.

शिवाय लालपरी गेली की इकडे आपोआप शांतता. एका तिकिटात दोन प्रवास.

उषाला फक्त बटईचं सांगितलं. ती म्हणाली, लई दिवसांनी शहाण्यासारखं बोललात. चहात साखर जास्त घातली.

१३ जून

दिली. कांतावहिनी, म्हणजे तातेरावांची बायको, स्वतः न्यायला आल्या. लालपरीला कुंकू लावलं, उषाच्या हातावर साखर ठेवली. म्हणाल्या, भावजी, माहेरची कोंबडी दिली तुमी, मन लागतं असं द्यायला. तातेराव भिंतीशी उभे होते. म्हणाले, तुमच्या कोंबडीला जिवापाड जपतो बघ.

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं गहिवरलो. मी हसू दाबत होतो.

१४ जून

सकाळपासून भिंतीशी खुर्ची टाकून बसलो आहे. हातात पेपर. पेपर कालचा आहे, पण दिसायला हवा म्हणून.

लालपरीनं त्यांच्या एका कोंबडीला टोचलं. दुसरीला टोचलं. त्यांचा कोंबडा आडवा आला, त्यालाही टोचलं. झकास. रात्री जेवण जास्त गेलं.

१७ जून

भिंतीपलीकडे शांत. वादळापूर्वीची असणार.

इकडे मात्र जरा गडबड. आता पहिला दाणा कोणाचा यावर शिवशाही आणि हिरकणीत जुंपली आहे. लालपरी असताना प्रश्नच नव्हता, पहिला दाणा तिचा. आता कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. दोन-चार दिवसांत मिटेल. मी शिट्ट्यांचं प्रमाण वाढवलं आहे.

२४ जून

मिटलं नाही.

शिवशाहीचा एक डोळा सुजला. हिरकणीला आधीच शेपूट नव्हतं, आता मानही उघडी. साध्या दोघी रोज पक्ष बदलतात. आणि निमआराम, जिच्यासाठी मी हे सगळं केलं, जिला स्वतःच्या हातानं निळं औषध लावलं, ती सगळ्यांत जास्त टोचायला लागली आहे. काल मला टोचलं. लालपरीनं चोच मारली होती त्याच मनगटावर.

२ जुलै

पलीकडे काय चाललं आहे ते नीट पाहिलं. शत्रूच्या पद्धती माहीत असाव्यात. तातेरावांची काहीच पद्धत नाही. सकाळी दार उघडतात. कोंबड्या उकिरड्यावर जातात, दिवसभर उकरतात, सोयाबीनच्या बांधावर किडे वेचतात, बाभळीखाली धुळीत लोळतात. एकीला दुसरी नकोशी झाली की ती लांब जाते. लांब जायला जागा आहे. संध्याकाळी आपापल्या परत येतात. वेळापत्रक नाही, पाटी नाही, कोबी नाही. तातेराव बाजेवर पडून असतात.

हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. आणि त्यांच्या कोंबड्यांच्या अंगावर पिसं भरगच्च आहेत. कुठेतरी काहीतरी लपवत आहेत.

लालपरी त्या सगळ्यांच्या पुढे चालते. टोचत नाही. नुसतं बघते, की बाकीच्या बाजूला होतात.

९ जुलै

लालपरी खुडूक झाली. कांतावहिनींनी तिच्याखाली अंडी मांडली. उषा जाऊन बघून आली आणि सांगत होती की कशी पंख पसरून बसलीय, हात लावला तरी काही करत न्हाई, गरीब गाय.

माझ्या मनगटाला विचारा म्हणावं.

१८ जुलै

जाळीच्या आत आणखी दोन काठ्या बसायला लावल्या, जुनी शिडी उभी केली, जुन्या सीडी दोऱ्यानं टांगल्या. कोबी दुसरा. खर्चा वाढून राह्यला, असं उषा म्हणते. सीडी उन्हात चमकतात आणि कोंबड्या घाबरून एका कोपऱ्यात गोळा होतात. कोपऱ्यात गोळा झाल्या की तिथे भांडतात.

साहेब अजून आरशासमोर.

२५ जुलै

उषा कांतावहिनींकडून आली ती काहीतरी सांगायला लागली. म्हणाली, तातेराव म्हणून राह्यले होते का यंदा समितीचं… मी तिथेच थांबवलं. तातेराव हे नाव या घरात घ्यायचं नाही, असा मी नियम केला आहे. ती म्हणाली, अवो, पण तुमच्याच फायद्याचं हाये, ऐकून तर घ्या. मी शिट्टी वाजवली. घरात वाजवायला नको होती हे मान्य. ती दोन दिवस बोलणार नाही. ठीक आहे, माझं मन एकाग्र राहील.

२९ जुलै

पिल्लं निघाली. लालपरी पिल्लांना घेऊन उकिरड्यावर फिरते आणि तातेरावांच्या बाकीच्या कोंबड्या दोन्ही बाजूंनी तिला वाट देतात. कांतावहिनी कौतुकानं बघतात. बाजेवरून तातेराव मला म्हणाले, रामप्रसाद, लई गुणाची कोंबडी दिली राव. ही आल्यापासून आमच्या कोंबड्याची किरकिरच बंद झाली.

मी घरात येऊन पडलो. उषानं विचारलं काय झालं. ऊन लागलं म्हणालो. बाहेर आभाळ होतं.

मी दिलेला तोफगोळा त्यांच्या अंगणात जाऊन समई झाला. मला माणसांवर विश्वास नव्हताच, आता कोंबड्यांवरही राहिला नाही.

४ ऑगस्ट

पुरे झालं. शेवटचं हत्यार काढलं. मे महिन्यातला माझा ठराव.

तंटामुक्ती समितीकडे तातेरावांच्या विरुद्ध तक्रार केली. आता त्यांच्या नावाचा तंटा समितीपुढे पडून राहणार. पंधरा तारखेला ते बाद. मैदानात मी एकटा.

तक्रारीची भाषा चांगली जमली म्हणून इथे उतरवून ठेवतो: “सदर तातेराव यांनी अर्जदाराच्या मालकीची सदर लालपरी ही तांबडी कोंबडी बटईने नेऊन तिला प्रेमाने वागवून फितविले. त्यामुळे सदर कोंबडीचा मूळ स्वभाव नष्ट झाला असून अर्जदाराचे अपरिमित नुकसान झाले आहे. तरी सदर कोंबडी मूळ स्वभावासह परत मिळावी.”

अर्ज अध्यक्षांनाच द्यावा लागतो, म्हणजे तातेरावांनाच. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, रामप्रसाद, बसून बोलू की आपण, हे कशाला. मी म्हणालो, जे काय बोलायचं ते समितीपुढे. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. चहाही दिला. मी प्यायलो, पण बशीत न ओतता.

उषाला सांगितलं. ती म्हणाली, पण त्या तंट्यात तुमचं बी नाव हाये की. बायकांना कायद्याचं कळत नाही. तंटा त्यांच्या नावाचा आहे. मी अर्जदार. प्रवाशानं कंडक्टरची तक्रार केली तर प्रवाशाला सस्पेंड करतात का?

ती म्हणाली, टाळी एका हातानं वाजत न्हाई. मी म्हणालो, वाजवून दाखवतो पंधरा तारखेला.

९ ऑगस्ट

भाषण तयार. सुरुवात शांत, मध्ये एस.टी.तले दोन अनुभव, शेवटी तातेरावांकडे बघून थोडा पॉज. मग क्षमा. जिंकलेल्यानं क्षमा करावी, त्याचा समोरच्याला जास्त त्रास होतो.

कोंबड्या गावाला दाखवायचा कार्यक्रम तूर्त रद्द केला. पिसं यायला वेळ लागतो. नैसर्गिक प्रक्रिया आहे.

१४ ऑगस्ट

हसनाबादहून फेटा आणला. घरात धड आरसा नाही म्हणून जाळीत जाऊन साहेबाच्या शेजारी उभा राहून बांधून बघितला. साहेब सरकायला तयार नव्हता. अर्धा मी, अर्धा तो, असं दिसत होतं. तरी फेटा शोभतो.

गावात यंदा एकही तंटा नाही, असं सगळीकडे बोलतात. चांगलं आहे. शांत गावाचा अध्यक्ष व्हायला बरं.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. ग्रामसभा. जसं झालं तसं लिहितो. लॉगशीटमध्ये मी कधी खोटं लिहिलं नाही.

सरपंच म्हणाले, यंदा गावात एकच तंटा दाखल झाला आहे, तो वाचून दाखवतो. आणि माझा अर्ज वाचला. सगळा. मूळ स्वभावासह परत मिळावी, इथपर्यंत. मे महिन्यात हसले होते ते काहीच नव्हतं. पोलीस पाटलांनी टोपी काढून तोंडावर धरली.

मी हसू दिलं. शेवटी कोण हसतं ते महत्त्वाचं. उभा राहिलो आणि ठरावाची आठवण करून दिली. तंटा ज्याच्या नावाचा, तो बाद. तातेराव बाद.

सरपंच म्हणाले, बराबर आहे. पण तंट्यात नावं दोन असतात. ठरावात अर्जदार सोडून असं कुठं म्हणलेलं न्हाई. म्हणजे तुमी दोघं बी बाद.

मी ठराव पुन्हा वाचायला मागितला. वाचला. माझ्याच शब्दांत होता.

मग तातेराव उठले. म्हणाले, मला तर यंदा पद नकोच होतं. गुडघे गेले माझे, लोकाचे तंटे ऐकत बसवत न्हाई. मी तर घरात कवाचं बोलून राह्यलो होतो का आज रामप्रसादचं नाव मीच सुचवणार. माणूस शिस्तीचा हाये. अन् त्याला कायतरी काम पाह्यजे, न्हाईतर कोंबड्याच्या मागं लागून एक तर कोंबड्या मरतील, न्हाईतर तो.

पुन्हा हसले लोक, पण चांगले हसले. काही जणांनी माना डोलावल्या. उषा बायकांत बसली होती, माझ्याकडे बघत होती. पंचवीस जुलैला ती काय सांगत होती ते मला तेव्हा कळलं.

तातेराव म्हणाले, तक्रार मागं घे, रामप्रसाद. आत्ताच्या आत्ता तुझं नाव सुचवतो. तंटा मिटला, विषय मिटला.

मी मागे घेणार होतो. देवाशपथ घेणार होतो. तोंड उघडलं होतं. फेटा डोक्यावर होता. सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मला हवं होतं ते सगळं समोर ताटात वाढलेलं होतं. तेवढ्यात तातेराव म्हणाले, अन् बटई बी माफ. पिल्लं समदी घेऊन जा, कोंबडी बी.

माफ. मला. माफ करायचा पॉज माझा होता, भाषणात लिहून ठेवला होता.

मी म्हणालो, जीव गेला तरी तक्रार मागे घेणार नाही.

शब्द गेला होता. एस.टी. सुटल्यावर हात दाखवून उपयोग नसतो, हे मी हजारो लोकांना सांगितलं आहे.

सरपंचांनी विचारलं, मग अध्यक्ष कोणाला करायचं. मागून कांतावहिनी म्हणाल्या, उषाबाईला करा. ह्या माणसाला इतकी वर्षं सांभाळलं तिनं, गाव सांभाळणं काय अवघड हाये. सरपंच हात वर करा म्हणाले. सगळ्यांचे हात वर गेले. तातेरावांचा गेला. सवयीनं माझाही गेला.

फेटा उषाला बांधला. माझाच, दुसरा आणलेला नव्हता. तिला माझ्यापेक्षा चांगला दिसत होता. वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही.

१८ ऑगस्ट

समितीपुढे एकच तंटा होता, म्हणून नव्या अध्यक्षांनी आज तो घेतला. अध्यक्ष घरच्याच, पण मला पंचायतीत बोलावलं. घरात सांगून चाललं असतं. तसं म्हणालो तर म्हणाल्या, जे काय बोलायचं ते समितीपुढं.

निकाल: लालपरी तिकडेच राहील, ती तिथं सुखात हाये. पिल्लं रीतीप्रमाणं निम्मी निम्मी. भिंतीच्या चार विटा काढायच्या. जाळीचं दार सकाळी उघडायचं आणि दिवसभर उघडं ठेवायचं. अर्जदाराची शिट्टी समितीकडं जमा करायची.

शिट्टी जमा केली. पोच मिळाली.

दुपारी विटा काढल्या. तातेराव एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. बोललो नाही. एक वीट निघत नव्हती, तेव्हा दोघांनी मिळून ओढली, पण बोललो नाही. दार उघडल्यावर शिवशाही, हिरकणी, निमआराम आणि साध्या एका रांगेत निघाल्या. ढकलाढकली नाही, काही नाही. अशी रांग मला स्टँडवर कधी लावता आली नव्हती. भगदाडातून उकिरड्यावर गेल्या. लालपरीनं मान वर करून पाहिलं, एकदा. सगळ्या तिच्या मागे उकरायला लागल्या.

उषा आणि कांतावहिनी पंचायतीत गेल्या आहेत. उषाला आता संध्याकाळपर्यंत वेळ नसतो. तातेराव बाजेवर पडले आहेत. बाजेवर अजून एका माणसाची जागा आहे, असं त्यांनी हातानं दाखवलं. मी बघितलं नाही असं केलं.

जाळीत साहेब एकटाच राहिला. आरसा सोडून येईना म्हणून मी आत गेलो. वेळापत्रकाप्रमाणे ही मोकळीक होती. बराच वेळ दोघं आरशासमोर उभे होतो. मग त्यानं वळून माझ्या पोटरीला कडकडून चोच मारली.

कंटाळला असेल.